बायोलॉजीची डिग्री घेऊन बाहेर पडताना पोरांना नक्की काय यायला हवं?

निळी_शाई:
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. आमच्याकडे बायोलॉजीचा सिलॅबस नव्याने लिहायचं घाटतंय आणि कमिटीत मलाही ओढलंय. पहिल्याच मीटिंगला प्रत्येकजण आपापल्या विषयाची वाढीव यादी घेऊन आलेला, इम्युनॉलॉजीवाले म्हणे आमचे तास वाढवा, बॉटनीवाले म्हणे आमचे आधीच कापलेत, जेनेटिक्सवाल्यांना क्रिस्परचं, म्हणजे जीन-एडिटिंगचं, वेगळं युनिट हवंय. पोराला शेवटी काय आलं पाहिजे हे कोणी काढलंच नाही. मी काढलं तर "ते सगळं यात येतंच मॅडम" असं उत्तर मिळालं.

येत नाही हो. व्हायवाला मी फायनल इयरच्या मुलांना एक प्रश्न हमखास विचारते. एवढं मोठं झाड, त्याचं लाकूड, ते सगळं वजन आलं कुठून? फोटोसिंथेसिसचं समीकरण प्रत्येकाला पाठ असतं, रुबिस्को हे त्यातलं एन्झाइम पाठ, केल्विन सायकल फळ्यावर काढून देतात. आणि तरी बरेच जण म्हणतात, मातीतून, मुळांनी शोषून घेतलं. म्हणजे ज्या समीकरणात कार्बन डायऑक्साइड डावीकडे लिहिलाय तोच हवेतला कार्बन पुढे लाकूड होतो हे डोक्यात जुळलेलंच नाही. मार्क मात्र पैकीच्या पैकी.

तर तुमच्या मते डिग्री संपताना काय यायला हवं? टॉपिकची यादी देऊ नका प्लीज, ती माझ्याकडे ढीगभर आहे. काय करता आलं पाहिजे ते सांगा. बायोलॉजी शिकून दुसरीकडे गेलेल्यांनी तर नक्की लिहा.

तिरकस:
नोकरी मिळायला हवी. धागा संपला, चला घरी.

रानवाटा:
तिरकस 😀
निळी_शाई, झाडाचा प्रश्न आवडला. सतराव्या शतकातल्या व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञाची आठवण झाली. त्याने २०० पौंड वाळवलेली माती कुंडीत भरली, ५ पौंडाचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडाचं, माती परत वाळवून तोलली तर कमी झालेली जेमतेम २ औंस. हे छापून आलं १६४८ मध्ये, तो गेल्यानंतर. मातीतून येत नाही हे त्याने तराजूने दाखवलं आणि मग निष्कर्ष काढला की सगळं पाण्यातून आलं! हवा हिशोबात धरलीच नाही. गंमत म्हणजे कोळसा जाळल्यावर निघणाऱ्या वायूवर काम करणारा माणूस हाच. पोरांना हे एवढं द्यायचं आणि विचारायचं की याचं कुठपर्यंत बरोबर आहे आणि कुठे घसरला. अर्धा तास मस्त जातो.

पेशीबद्ध:
मी गेली बरीच वर्षं क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आहे, फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो, त्यामुळे माझं मत जरा हातावर जास्त आणि डोक्यावर कमी आहे असं वाटेल, पण वाचा.

माझा पहिला प्रश्न ठरलेला. एका मिलिलिटरमध्ये अंदाजे दहा कोटी बॅक्टेरिया आहेत, प्लेटवर ०.१ मिलि पसरायचंय, मोजता येतील एवढ्या कॉलनी हव्यात, म्हणजे ३० ते ३०० च्या मधे. काय करशील? सीरियल डायल्यूशनची, म्हणजे टप्प्याटप्प्याने पातळ करत जाण्याची, व्याख्या सगळे घडाघडा म्हणतात. पण कागद-पेन दिलं की गप्प. अहो एका मिलिलिटरला हजारापर्यंत खाली आणायचंय, म्हणजे एक लाख पट, म्हणजे दहा पटींच्या पाच ट्यूब, प्रत्येकीत ०.९ मिलि सलाइन आणि आधीच्या ट्यूबमधलं ०.१. पाचव्या ट्यूबमधलं ०.१ पसरलं की शंभराच्या आसपास कॉलनी. एवढंच. यात लॉग नाही, कॅल्क्युलस नाही, शाळेतला गुणाकार भागाकार.

मग विचारतो, समजा प्लेटवर तीनच कॉलनी आल्या, तर तीनला दहाच्या घाताने गुणून रिपोर्ट लिहिशील का? बहुतेक जण हो म्हणतात. तीन आल्यात, परत केलं तर एक येईल नाहीतर पाच येतील, या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हा प्रश्नच पडत नाही.

तिसरा प्रश्न माझा आवडता. पीसीआर केला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवल्या, जेल रन केलं, आणि निगेटिव्ह कंट्रोलच्या लेनमध्ये, म्हणजे जिथे डीएनए घातलाच नव्हता तिथे, बँड दिसतोय. आता काय? एकाने मला सरळ सांगितलं, "सर, ती लेन क्रॉप करून फोटो लावीन." प्रामाणिक होता बिचारा. पण त्याला तीन वर्षांत कोणी सांगितलंच नव्हतं की ती लेन नसेल तर बाकीच्या सगळ्या लेनना काही अर्थ उरत नाही.

सेकंड_इयर:
मी सध्या शिकतोय त्यामुळे मला पण बोलायचंय. पेशीबद्ध सर तुम्ही म्हणता ते बरोबर आहे पण आमच्याकडे प्रॅक्टिकल म्हणजे काय ते ऐका. एक मायक्रोस्कोप, भोवती अख्खी बॅच, मॅडम फोकस करून देणार आणि आम्ही एकेक जण डोळा लावून "हो दिसलं" म्हणणार. खरं तर निम्म्यांना स्वतःच्या पापण्याच दिसतात. पिपेट हातात येते ती एकदा. रीडिंग तर काय, मागच्या बॅचचं जर्नल असतंच, त्यावरून आधी पेन्सिलने भरून ठेवायचं आणि मग प्रॅक्टिकलला जायचं, कारण उत्तर वेगळं आलं तर "परत कर" म्हणतात आणि सही मिळत नाही. मग वेगळं उत्तर कोण कशाला आणेल?

आणि निळी_शाई मॅडम, एक शंका. "हे कसं कळलं ते शिकवा" असं सगळे म्हणतात पण ते शिकवायला लागले की त्याचीही नोट निघते. कोणी, कुठल्या साली, कशावर प्रयोग केला, निष्कर्ष काय. पाच मार्कांचा प्रश्न. म्हणजे आता टॉपिक पण पाठ आणि इतिहास पण पाठ. डबल काम 😭

जुनाट:
सेकंड_इयर, जर्नलचं लिहिलंस ते शंभर टक्के खरं. आमच्या वेळीही हेच होतं, फक्त पेन्सिलऐवजी टाक होता असं समज.

निळी_शाई:
सेकंड_इयर, तुझी शंका अगदी रास्त आहे. शिकवायची पद्धत न बदलता फक्त मजकूर बदलला की तसंच होणार. मी वर्गात काय करते ते सांगते, बघ पटतंय का.

डीएनएची कॉपी कशी होते हे शिकवताना निकाल आधी सांगतच नाही. तीन शक्यता फळ्यावर लिहिते. एक, जुना डीएनए तसाच राहतो आणि पूर्ण नवा वेगळा बनतो. दोन, दोन्ही पट्ट्या सुट्या होतात आणि प्रत्येकीला नवी जोडीदार मिळते. तीन, जुनं-नवं तुकड्यातुकड्यांनी मिसळतं. मग सांगते की मेसेल्सन आणि स्टाल यांनी बॅक्टेरिया जड नायट्रोजनवर वाढवले, म्हणजे सगळा डीएनए जड, आणि मग त्यांना साध्या नायट्रोजनवर टाकलं. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवल्यावर डीएनए आपापल्या वजनाप्रमाणे वर-खाली थरात बसतो. आता वहीत काढा, एका पिढीनंतर तिन्ही शक्यतांमध्ये थर कुठे दिसतील? दोन पिढ्यांनंतर कुठे?

इथे दहा मिनिटं वर्गात नुसता कालवा असतो. मग प्रत्यक्षात काय दिसलं ते सांगते. पहिल्या पिढीनंतर एकच थर, मधोमध. पहिली शक्यता बाद, कारण तिच्यात जड आणि हलका असे दोन थर यायला हवे होते. पण दुसरी आणि तिसरी? दोन्ही अजून जिवंत! दुसऱ्या पिढीनंतर दोन थर दिसले, एक मधला आणि एक हलका, तेव्हा तिसरी गेली. आणि मग विचारते, हे दोघं पहिल्या पिढीनंतरच थांबले असते तर काय छापलं असतं? १९५८ साल लक्षात राहिलं नाही तरी माझं काही म्हणणं नाही. परीक्षेत मी हा प्रयोग विचारतच नाही. दुसराच कुठला तरी प्रयोग देते, कधी न पाहिलेला, आणि त्याचे थर काढायला सांगते.

सेकंड_इयर:
असं असेल तर चालेल. पण मग क्लासच्या नोट्सवाल्यांचं काय होणार 😅

मोजपट्टी:
उशिरा आलो. मी बायोलॉजी करून आता डेटा अ‍ॅनालिसिसमध्ये आहे, जीनोमचा डेटा असतो बहुतेक. माझं एकच म्हणणं आहे, आकड्यांची भीती मोडा. बायोलॉजी घेणारे अर्धे लोक गणितापासून पळून आलेले असतात आणि डिग्री त्यांना तीन-चार वर्षं सुखाने लपू देते.

आकडे म्हणजे अवघड इक्वेशन नव्हे. कुठली गोष्ट केवढी आहे, किती वेगाने होते, याचा अंदाज. उदाहरण देतो. ऑक्सिजन पाण्यात नुसत्या डिफ्यूजनने पसरतो तेव्हा वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. पेशीच्या आकाराचं अंतर, म्हणजे १० मायक्रोमीटर, सेकंदाच्या काही शतांश भागात पार. १ मिलिमीटरला चारेक मिनिटं. १ सेंटिमीटरला सात तासांच्या आसपास. आणि १ मीटरला? सुमारे आठ वर्षं! हा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला ना, की पेशी एवढ्याशा का असतात, हृदय कशाला लागतं, फुप्फुसात एवढा पृष्ठभाग का, कीटकांत श्वसननलिकांचं जाळं का, चपटा कृमी चपटा का, ही पाच वेगवेगळी चॅप्टर एका ओळीत येतात. आम्हाला ती पाच वेगळ्या पेपरांत शिकवली आणि कोणी एकमेकांना जोडून दाखवली नाहीत.

अजून एक घ्या, सेकंड_इयर तुझ्यासाठी. ई. कोलाय या बॅक्टेरियाचा जीनोम ४६ लाख बेसपेअरचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांच्या तेवढ्या जोड्यांचा. कॉपी एका जागी सुरू होते आणि दोन्ही दिशांनी जाते, प्रत्येक बाजूचा वेग सेकंदाला साधारण हजार. आणि सगळं भरपूर मिळालं की हा बॅक्टेरिया २० मिनिटांत दुप्पट होतो. कर हिशोब आणि सांग काय खटकतं. गूगल करायचं नाही.

स्टेथो:
मोजपट्टी +१. मी वैद्यकीय बाजूची आहे, पण पहिली डिग्री बायोलॉजीच. रोज लागणारं गणित सांगते. एक लाख लोक, त्यातल्या १०० जणांना आजार. टेस्ट ९९ टक्के अचूक, आजाऱ्याला पकडण्यातही आणि निरोग्याला सोडण्यातही. तुमची टेस्ट पॉझिटिव्ह आली. आजार असण्याची शक्यता किती?

सगळे म्हणतात ९९ टक्के. मोजून बघा, १०० आजाऱ्यांतले ९९ पॉझिटिव्ह, आणि उरलेल्या ९९,९०० निरोग्यांतले ९९९ पण पॉझिटिव्ह. एकूण १०९८, खरे ९९. म्हणजे जेमतेम ९ टक्के. टेस्ट वाईट नाहीये, आजार दुर्मिळ आहे. बायोलॉजीची डिग्री घेतलेल्या माणसाला पुढे काहीही करायचं असो, एवढं तरी यायलाच हवं, कारण घरातले-दारातले लोक रिपोर्ट घेऊन त्याच्याकडेच येणार. "तू बायोलॉजी केलंयस ना, बघ जरा."

तिरकस:
स्टेथो ताई, हे खरंय. मी बॉटनी करून बँकेत आहे, तरी अख्खी सोसायटी मला ब्लड रिपोर्ट दाखवते.

जुनाट:
आता जरा उलट बाजू मांडतो, चालेल ना? पाठांतराला शिव्या देणं ही आता फॅशन झालीये. "गूगलवर सगळं आहे, विचार करायला शिकवा." अहो, विचार करणार कशाचा? डोक्यात काही असल्याशिवाय शंका येत नाही.

समजा कोणी तुम्हाला सांगितलं की आम्ही माणसाच्या पक्व लाल रक्तपेशी वेगळ्या काढल्या आणि त्यातून जीनोम सीक्वेन्स केला. ज्याला पाठ आहे की सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं, तो तिथल्या तिथे भुवई उंचावेल की बाबा रे, तुझ्या नमुन्यात पांढऱ्या पेशी मिसळल्यात. ज्याला माहीत नाही तो मान डोलावेल. त्याला गूगल करायचंही सुचणार नाही, कारण खटकलंच नाही तर शोधणार काय? तेव्हा माझ्या मते काही हजार गोष्टी पाठच असायला हव्यात, नाइलाज आहे. ग्रुप्स, त्यांची लक्षणं, कुठली प्रक्रिया पेशीत कुठे होते, कुठला हार्मोन कुठून येतो. संगीत शिकणाऱ्याला अलंकार घोकावेच लागतात, तसंच हे.

रानवाटा:
जुनाट काकांना माझं पूर्ण अनुमोदन, आणि त्यात भर. प्राणी-वनस्पती ओळखता आल्या पाहिजेत!! बायोलॉजीची डिग्री घेतलेली मुलं माझ्याबरोबर फील्डवर येतात, त्यांना क्लोनिंग वेक्टरचा नकाशा पाठ असतो पण समोरचा किडा भुंगा आहे की ढेकूण गटातला हे सांगता येत नाही. मी म्हणते पंख बघ, पुढचे पंख कवचासारखे कडक आहेत का, पाठीवर मधोमध सरळ रेषेत मिटतात का. तोंड बघ, चावायचं आहे की सोंडेसारखं. अशा चार गोष्टी पाहायची डोळ्याला सवय लागली की पुढचं आपोआप होतं. नाव कळेपर्यंत सगळं हिरवं हिरवंच दिसतं. आणि डीएनए बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या तुकड्यावरून जात ओळखणं, आहे ना मग कशाला, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, तो बारकोड ज्याच्याशी ताडून बघता तो नमुना कोणीतरी भिंग लावूनच ओळखलेला असतो.

अजून एक, हे आकडेवाल्यांसाठी. प्रोजेक्टला मुलं येतात, एका तळ्यात खत टाकलं, एकात नाही, दोन्हीकडून वीस-वीस बाटल्या पाणी घेतलं, सॉफ्टवेअरमध्ये घातलं, पी व्हॅल्यू झकास, म्हणजे फरक नुसत्या योगायोगाचा वाटत नाही. अरे पण तळी किती? एकाला एक! वीस बाटल्या म्हणजे एकाच तळ्याचं वीसदा मोजमाप झालं. फरक खताने पडला की ते तळं मुळात सावलीत होतं म्हणून, हे यावरून कधीच कळणार नाही. हर्लबर्टने १९८४ मध्ये याच चुकीवर सविस्तर पेपर लिहिला, स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात त्याला, आणि आजही दरवर्षी तेच प्रोजेक्ट येतात. टेस्ट कुठली लावायची ते शिकवतात हो, पण एन, म्हणजे खरे स्वतंत्र नमुने, किती हे मोजायला कोणी शिकवत नाही.

मोजपट्टी:
रानवाटा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

जुनाट, तुमचं लाल पेशींचं उदाहरण बिनतोड आहे, मान्य. फक्त पाठ केलेलं बदलतं हेही सांगायला हवं. माणसाचे क्रोमोझोम १९२० च्या दशकापासून ४८ मानले जायचे. १९५६ मध्ये तियो आणि लेव्हान यांनी पेशी फुगवून क्रोमोझोम नीट सुटे पसरवले तेव्हा ४६ निघाले. तीसेक वर्षं लोक मायक्रोस्कोपमधून बघतच होते की! एका ग्लुकोजमागे ३८ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आम्ही घोकले, आता ३० ते ३२ म्हणतात. शरीरात बॅक्टेरिया आपल्या पेशींच्या दहापट, हे तर प्रत्येक भाषणात असायचं, २०१६ मध्ये नीट हिशोब झाला तेव्हा जवळपास बरोबरीचं निघालं. त्यामुळे पाठ करताना कुठला आकडा कशावर उभा आहे याची थोडी जाण हवी. पेशीत केंद्रक नाही हे बघून कळतं, ते हलणार नाही. दहापट हा कोणीतरी अंदाजाने मांडलेला आकडा होता.

सेकंड_इयर:
मोजपट्टी दादा, हिशोब केला. ४६ लाख भागिले दोन म्हणजे २३ लाख, भागिले हजार म्हणजे २३०० सेकंद, म्हणजे ३८ मिनिटं. पण पेशी २० मिनिटांत दोन होते. हे कसं शक्य आहे? कॉपी पूर्ण व्हायच्या आत विभागली तर एकीला अर्धाच डीएनए मिळेल. मी आधी दोनदा तपासलं, आकडा बरोबर आहे.

मग विचार केला, पहिली कॉपी चालू असतानाच दुसरी सुरू करत असेल का? म्हणजे आजीने नातीसाठी आधीच सुरुवात करून ठेवायची तसं?

मोजपट्टी:
शाब्बास रे! अगदी तसंच होतं. नुकत्याच जन्मलेल्या पेशीत कॉपी आधीच अर्धवट चाललेली असते. आता पुढचं, म्हणजे सुरुवातीच्या जागेजवळची जीन्स आणि शेवटाकडची जीन्स, यातल्या कुणाच्या प्रती पेशीत जास्त असतील? आणि घाईने वाढणाऱ्या पेशीला कुठली जीन्स जास्त प्रतींत हवीशी असतील? विचार कर आणि मग रायबोसोमल आरएनएची, म्हणजे प्रोटीन बनवणाऱ्या यंत्रणेची, जीन्स ई. कोलायच्या नकाशावर कुठे आहेत ते बघ. आता गूगल केलंस तरी चालेल.

निळी_शाई:
हे बघा. हेच मला कमिटीला दाखवायचंय. तीन आकडे दिले आणि पोराने स्वतःहून जे काढलं ते पुस्तकात एका ओळीत दिलं असतं तर विसरून गेला असता.

अंकुर_मी:
वाचतेय सगळं, मस्त धागा. उत्क्रांतीचं कोणीच कसं काढलं नाही? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच असतो. अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर निबंध लिहायला सांगा, दहातले आठ लिहितील की औषध दिल्यामुळे बॅक्टेरियाला "गरज" वाटते आणि तो स्वतःत बदल करतो. शिकलेले लोक, पोस्ट ग्रॅज्युएट.

लुरिया आणि डेलब्रुक यांचा १९४३ चा प्रयोग यावर काय झकास आहे, आणि गणितही फार नाही. बॅक्टेरियाची बरीच छोटी छोटी कल्चर वेगवेगळी वाढवायची, मग प्रत्येकातले बॅक्टेरिया व्हायरस पसरलेल्या प्लेटवर टाकायचे, वाचलेले मोजायचे. व्हायरस भेटल्यावरच बदल होत असेल तर प्रत्येक प्लेटवर थोड्याफार फरकाने सारखेच वाचतील. पण बदल आधीच, वाढताना, आपोआप होत असेल, तर ज्या कल्चरमध्ये तो लवकर झाला तिथे त्याची पिल्लावळ प्रचंड, आणि जिथे झालाच नाही तिथे शून्य. प्लेटा मोजल्या तर कुठे शून्य, कुठे एक-दोन, आणि मधेच एखादीवर शेकड्याने. म्हणजे बदल आधी झालेला, व्हायरसने फक्त निवड केली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा भारी वाटलेलं, सरासरीकडे न बघता पसाऱ्याकडे बघून उत्तर काढलं हो त्यांनी!

पेशीबद्ध:
अंकुर_मी, सुंदर लिहिलंत. इंटरव्ह्यूला चोरतो.

तिरकस:
सगळं ठीक आहे पण २०–२२ वर्षांच्या पोराला आता एआय सगळं करून देतो. हिशोब पण, निबंध पण, प्रोटीनचा आकार पण. तुम्ही अजून भिंग आणि पिपेट घेऊन बसलाय.

मोजपट्टी:
तिरकस, बरं झालं प्रोटीनचं काढलंत. अल्फाफोल्ड, म्हणजे प्रोटीनचा आकार सांगणारं एआय, भन्नाटच आहे, २०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल उगाच नाही दिलं. पण ते प्रत्येक भागाला स्वतःच्या खात्रीचा एक आकडा देतं आणि त्याप्रमाणे रंग. गडद निळा म्हणजे खात्री, नारिंगी म्हणजे "मला माहीत नाही". माझ्याकडे इंटर्न येतात ते नारिंगी शेवयांच्या गुंत्यावर बोट ठेवून सांगतात की औषध इथे बसेल. मॉडेल स्वतः ओरडून सांगतंय की इथे भरवसा ठेवू नकोस, कदाचित तो भाग मुळातच एका आकारात राहत नाही, आणि हे तिथे औषध बसवतायत! टूल जेवढं हुशार तेवढं वापरणाऱ्याला जास्त कळायला लागतं असा माझा तरी अनुभव.

स्टेथो:
अवांतर: अमेरिकेतल्या एएएएस या संस्थेचा २०११ चा एक रिपोर्ट आहे, पदवीच्या बायोलॉजीवरच. त्यात पाच मूळ कल्पना काढल्यात, उत्क्रांती, रचना आणि कार्य, माहितीचा प्रवास, ऊर्जा आणि पदार्थांचे बदल, आणि सिस्टिम्स. शिवाय कौशल्यांची वेगळी यादी. निळी_शाई, कमिटीत उपयोगी पडेल.

निळी_शाई:
स्टेथो, तो दाखवून झाला. "हे पाचही आपल्याकडे आहेत, युनिट दोन, चार आणि सात" असं म्हणाले.

बरं, आता खरा वांध्याचा प्रश्न विचारते. हे सगळं करायला वेळ लागतो. डीएनएचे थर काढायला एक अख्खा तास जातो, नोट्स दिल्या तर दहा मिनिटं. तेव्हा काय कापू? टॉपिकचं नाव घेऊन सांगा.

सेकंड_इयर:
क्रेब्स सायकलचे, त्या पेशीतल्या श्वसनाच्या चक्राचे, सगळे एन्झाइम!! प्लीज!!

पेशीबद्ध:
मला चालेल. कार्बन कुठे सुटतो, इलेक्ट्रॉन कुणाकडे जातात एवढं ठेवा, बाकी भिंतीवर चार्ट लावा.

जुनाट:
एकदा तरी करू द्या हो. परीक्षेत विचारू नका हवं तर.

अंकुर_मी:
क्लासिफिकेशनच्या जुन्या सिस्टिम्सची तुलना कापा. कुणी किती किंग्डम केली आणि त्यांचे गुण-दोष. आता डीएनएवरून झाडाची फांदी कशी काढतात ते शिकवलं की पुरे.

रानवाटा:
अंकुर_मी, हे मान्य. पण त्या नावाखाली ओळखायचे तास कापायचे नाहीत, आधीच सांगते. फील्ड ट्रिपला हात लावलात तर कमिटीच्या दारात येऊन बसेन.

मोजपट्टी:
प्रॅक्टिकलची संख्या निम्मी करा. पंधरा करायची त्याऐवजी सहा, पण प्रत्येक तीनदा. पहिल्यांदा बिघडणार, दुसऱ्यांदा का बिघडलं ते शोधायचं, तिसऱ्यांदा करायचं. आणि मार्क उत्तराला न देता, उत्तर असं का आलं ते लिहिलंय त्याला. मग मागच्या बॅचचं जर्नल कोणी उघडणार नाही.

जुनाट:
आणि हे तपासणार कोण? दोनशे पोरं, दोनशे वेगवेगळी कारणं. "व्याख्या लिहा"चा पेपर एका संध्याकाळी तपासून होतो, हा पेपर महिनाभर पुरेल. मी तीस वर्षं पेपर तपासलेत म्हणून विचारतोय, नाट लावायला नव्हे.

निळी_शाई:
जुनाट काका, कमिटीत हाच मुद्दा सगळ्यात जास्त चालणार आहे बघा, आणि खरं सांगायचं तर खराच आहे. मी असं सुचवणार आहे की प्रत्येक पेपरात असे दोनच प्रश्न, मार्क पन्नासातले वीस, आणि प्रश्न काढणाऱ्यानेच तपासायची पट्टी आधी लिहून द्यायची, कशाला किती. तीन-चार ठरावीक वळणंच असतात उत्तरांची, दोनशे नसतात. तुमच्याकडे जुन्या पेपरांतले असे प्रश्न असतील तर इथे टाका ना, मीटिंगच्या आधी यादी करून ठेवते.

जुनाट:
आहेत दोन-चार. एक आत्ता देतो. एका पेशीवर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही असं दिसलं, त्याची चार वेगवेगळी कारणं काय असू शकतील आणि प्रत्येक तपासायला एकेक प्रयोग सुचवा. बाकीचे कपाटात शोधावे लागतील.

सेकंड_इयर:
काका, आमच्या परीक्षेआधी टाकू नका 🙏

पेशीबद्ध:
आधीच टाका काका. पाठ करून उत्तर देता येतंय का बघू दे त्याला.